अरण्यांतील गुप्त द्वार

एक निबिड अरण्य, त्याच्या पोटांत एक एकाकी ठाणें, आणि त्या ठाण्याला बाहेरच्या जगाशीं जोडणारें एक गुप्त, मायावी द्वार : अद्भुत कथांतली ही जुळणी ज्याच्या कानांवरून गेली नाहीं असें सुशिक्षित घर विरळाच सांपडेल. रात्रीं गोष्ट ऐकतांना मुलें मध्येंच विचारतात, "तें दार केलें कोणी? आणि दुसऱ्या कोणाला तें दिसत कसें नाहीं?" आपण मोठीं माणसें "गोष्टींत तसें असतेंच" एवढें बोलून वेळ मारून नेतों. माझ्या मतें या बाबतींत मुलांचीच बुद्धि अधिक सरळ आहे. अद्भुताला नियम नसतात ही समजूत चुकीची आहे. राजवाड्याच्या दारापेक्षां मायावी दाराला कायदे जास्त असतात, आणि कथा रंगते ती त्या कायद्यांवरच. आज त्या कायद्यांचा थोडा विचार करावयाचा आहे.

असें ठाणें आणि असें दार कथेंत येतें तरी कां? अरण्यांतल्या वस्तीला अन्न हवें, पाणी हवें, बाहेरची बातमी हवी आणि प्रसंग पडल्यास निसटायला मार्ग हवा. व्यवहारांत हें सगळें वाटेनें येतें. वाट लांब असली कीं बैल लागतात, बैलांना चारा लागतो, चाऱ्याला रखवालदार लागतो, आणि रखवालदाराला पुन्हां अन्न लागतेंच. कथाकार ही सारी यातायात एका उंबऱ्यांत मिटवून टाकतो. परंतु जी वाट आपल्याला आंत आणते तीच वाट शत्रूलाहि आणते. म्हणून दार गुप्त असावें लागतें. आमच्या गडांच्या बांधणाऱ्यांना हें नीट ठाऊक होतें. राजगडाच्या पद्मावती माचीवरचा चोरदरवाजा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना मायेच्या दाराची निम्मी कल्पना येऊन चुकलेली असते. १६८९ सालीं रायगडाला मोगलांचा वेढा पडला असतां राजाराम महाराज वाघ दरवाज्यानें बाहेर पडले, अशी परंपरा आहे. चोरदरवाजा हा गडाचा अखेरचा श्वास होय. त्यांत मंत्र नाहीं कीं जादू नाहीं; पण कोणाला तो ठाऊक आहे आणि कोणाला नाहीं, या एका गोष्टीवर शेंकडों जीव अवलंबून असत.

आतां खऱ्या मायावी दाराकडे वळूं. त्यासाठीं परदेशच्या पुस्तकांत शिरण्याची गरज नाहीं. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडांत तें आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणें इतकें विचारपूर्वक रचलेलें दार इतर वाङ्मयांत क्वचितच आढळेल. त्याचें नांव ऋक्षबिल.

सीतेच्या शोधासाठीं सुग्रीवानें चारी दिशांना वानर पाठविले. दक्षिणेकडच्या तुकडींत वालीचा पुत्र अंगद, हनुमान, जांबवान असे निवडक वीर होते. मुदत एक महिन्याची. मुदत टाळून परत येणाराला देहान्त शासन. विंध्याच्या रानांत हिंडून हिंडून ही मंडळी तहानेनें व्याकुळ झालीं. तेवढ्यांत वेलींनीं झांकलेल्या एका विवराच्या तोंडांतून हंस, क्रौंच, सारस बाहेर पडतांना दिसले. त्यांचीं अंगें ओलीं होतीं आणि कमळांच्या परागांनीं लाल झालेलीं होतीं. हनुमानानें लगेच अनुमान केलें कीं आंत विहीर किंवा सरोवर असलेंच पाहिजे. शिवाय विवराच्या तोंडावरचीं झाडें हिरवींगार आहेत. हें स्थळ मला फार आवडतें. येथें दार उघडण्यासाठीं मंत्र लागत नाहीं, तर डोळे लागतात. तहानलेले दुसरेहि होते, पण पाखरांच्या पंखांवरचें पाणी वाचणारा एकच निघाला.

आंत काळोख; सूर्य नाहीं, चंद्र नाहीं. वानर एकमेकांना धरून योजनभर चालत गेले, आणि आतां प्राण जाणार असें वाटूं लागलें तेव्हां उजेड दिसला. सोन्याचे वृक्ष, मोत्यांच्या जाळ्यांचीं सोन्यारुप्याचीं घरें, निर्मळ पाण्याचीं तळीं, फळें, मुळें, मधु. आणि या साऱ्या ऐश्वर्यांत वल्कलें व कृष्णाजिन नेसलेली एक तपस्विनी. ती मेरुसावर्णीची कन्या स्वयंप्रभा. तिनें सांगितलेली हकीकत अशी. हें सुवर्णवन मयासुरानें आपल्या मायेनें निर्मिलें. पुढें हेमा नांवाच्या अप्सरेवर त्याचें मन जडलें आणि इंद्रानें वज्रानें त्याचा वध केला. मग ब्रह्मदेवानें तें स्थान हेमेला दिलें, आणि हेमेची सखी म्हणून स्वयंप्रभा तें राखीत बसली आहे.

पाहा, मुलांच्या प्रश्नाचें उत्तर कवीनें किती चोख दिलें आहे! दार कोणी केलें, कां केलें, तें कोणाच्या हातांतून कोणाच्या हातांत गेलें, आज त्यावर पहारा कोणाचा, हें सगळें एखाद्या जुन्या वतनाच्या कागदाप्रमाणें क्रमवार सांगितलें आहे. एक गंमत जातां जातां सांगतों. उत्तरकांडांत हीच हेमा मयाची पत्नी म्हणून येते, आणि मायावी व दुंदुभि हे तिचे पुत्र व मंदोदरी ही तिची कन्या असें मय स्वतः रावणाला सांगतो. विद्वान् लोक उत्तरकांड मागाहूनचें समजतात. तरी दोन्ही हकीकती एकत्र ठेवल्या तर सीतेला शोधणाऱ्या उपाशी वानरांना ज्या घरांत अन्न मिळालें तें रावणाच्या सासूचें घर ठरतें!

या दाराचा कायदा मात्र कडक आहे. आंत आलेल्याला जिवंत बाहेर जाणें दुष्कर, असें स्वयंप्रभाच सांगते. वानर बाहेर पडतात ते तिच्या तपःसामर्थ्यानें, आणि तेंहि डोळे मिटून. वीरांचा तो समुदाय मुलांप्रमाणें हातांनीं डोळे झांकून उभा राहतो आणि निमिषांत सारे बाहेर असतात. समोर विंध्य, प्रस्रवण पर्वत आणि महासागर. विंध्याच्या पायथ्याशीं महासागर कसा, हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकांनीं विचारावा. मायेच्या दारांतून बाहेर पडलेल्यानें नकाशा मागूं नये हें बरें. पण डोळे मिटण्याची अट निरर्थक नाहीं. जो मार्ग पाहिला तो दुसऱ्याला दाखवितां येतो. जो पाहिलाच नाहीं त्याची फितुरी करावी कशी? ठाण्याची राखण करणारीनें उपकारहि केला आणि गुपितहि राखलें.

आणि याखेरीज एक किंमत वानरांना द्यावी लागली. ती होती काळाची. गुहेंत भ्रमतां भ्रमतां सुग्रीवानें घातलेली मुदत संपून गेली होती. मायावी दार अंतर वांचवतें, पण तें वेळ कोठून तरी वसूल करतें, असा एक नियमच जगभरच्या कथांत दिसतो. भागवतांतला ककुद्मी राजा रेवतीसाठीं वर विचारायला ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं. इंग्रज लेखक सी. एस. लुइस यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या बालकथेंत हाच हिशोब उलटा मांडला आहे. कपड्यांच्या कपाटांतून चार भावंडें बर्फानें झांकलेल्या रानांत शिरतात. त्या रानांत एक दिव्याचा खांब एकटाच जळत असतो. मुलें तेथें वर्षानुवर्षें राज्य करतात, मोठीं होतात, आणि परत येतात तों घरीं एक क्षणहि गेलेला नसतो. मुलांना हा सौदा अर्थातच पसंत पडतो. मला विचाराल तर वाल्मीकीचा सौदा अधिक खरा आहे. फुकट मिळालेल्या वर्षांना वजन नसतें. हरवलेल्या एका महिन्याला असतें, कारण त्याच्या शेवटीं देहदंड उभा आहे.

दार उघडायचें कसें, हा दुसरा मोठा प्रश्न. याबाबतींत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थात् अलीबाबाचें. "तिळा तिळा, दार उघड" हे शब्द आपल्याकडच्या आजीबाईंनाहि पाठ असतात. ही कथा अरबी हस्तलिखितांच्या जुन्या संग्रहांत नव्हती. अलेप्पोच्या हन्ना दियाब नांवाच्या तरुणानें ती १७०९ सालीं फ्रेंच पंडित आंत्वान गालां यांना पॅरिसमध्यें तोंडीं सांगितली, आणि गालांच्या मृत्यूनंतर १७१७ सालीं ती छापून निघाली. तिच्यांतलें मर्म अलीबाबापेक्षां त्याच्या भावाच्या, कासीमच्या, मरणांत आहे. कासीम शब्द बोलून आंत जातो. सोनें पाहून त्याचें भान हरपतें, आणि बाहेर पडतेवेळीं तीळ आठवत नाहीं. तो जव म्हणतो, दुसरीं धान्यें म्हणतो, पण दार हालत नाहीं. किल्ली हरवली तर कुलूप फोडतां येतें. शब्द हरवला तर काय फोडणार? आंत संपत्तीचे ढीग, आणि त्यांच्यामध्यें वाण्याच्या दुकानांतल्या धान्यांचीं नांवें आठवीत बसलेला एक घाबरा मनुष्य! याहून भेदक चित्र मोठमोठ्या नाटकांतहि थोडें सांपडतें.

अरण्यांतल्या दारांचा खरा दर्दी मात्र आपल्याच देशांत, काशीस, होऊन गेला. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ सालीं बाहेर आली. खत्री यांच्याकडे काशीनरेशांच्या चकिया व नौगढच्या जंगलांचा ठेका होता. त्या निमित्तानें तेथील दऱ्या, पडके किल्ले आणि गुहा त्यांनीं पायांखालीं घातल्या होत्या. त्यामुळें त्यांच्या कादंबरींतलीं भुयारें वाचतांना ओल्या दगडाचा वास येतो. त्यांतील ऐयार तेजसिंह याची डोंगरांत एक गुप्त खोरी आहे. दारावर सिंहाचें तोंड कोरलेलें. त्या तोंडांत हात घालून जीभ ओढली कीं दार उघडतें. आंत पाणी आहे, मोकळी जागा आहे. कैदी ठेवावयास याहून चांगली जागा नाहीं. येथें जादू नाहीं, कारागिरी आहे. तरी वाचणाराला ती जादूहून चमत्कारिक वाटते. खत्रींचीं मोठीं तिलिस्में मात्र याहून पुढचीं असतात. तीं ज्याच्या नांवानें बांधलेलीं असतात त्याच्याच हातानें तुटावयाचीं. इतरांनीं कितीहि घाव घातले तरी व्यर्थ. म्हणजे तेथें किल्ली शब्द नव्हे, हातचलाखीहि नव्हे. किल्ली मनुष्य स्वतःच आहे.

चीनमधील कवि ताओ युआनमिंग यानें इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या आरंभीं एक लहानशी गोष्ट लिहिली, तिचाहि उल्लेख केला पाहिजे. एक कोळी पीचच्या फुललेल्या बनांतून नाव हांकीत जातो. डोंगरांत एक अरुंद छिद्र दिसतें. पलीकडे शेतें, कोंबडीं, शांत माणसें. पूर्वजांनीं छिन राजवटीच्या जुलमापासून पळून तेथें आसरा घेतलेला. बाहेर किती राजवटी बदलल्या याची त्यांना वार्ताहि नाहीं. ते कोळ्याला एवढेंच विनवितात कीं बाहेर कोणाला सांगूं नको. तो परततांना वाटेवर खुणा करतो आणि जाऊन थेट अधिकाऱ्याला सांगतो! पण खुणांचा माग काढीत गेलेल्यांना दार पुन्हां सांपडत नाहीं. ठाण्याला धोका दाराचा नसतो, पाहुण्याचा असतो.

हें वाक्य बोलतांना मला पुन्हां किष्किंधाकांडच आठवतें, कारण पाहुण्याइतकाच धोका दाराबाहेर उभ्या असलेल्या आप्ताचाहि असूं शकतो. त्याच कांडांत आरंभीं दुसरें एक विवर येऊन गेलेलें आहे. मायावी राक्षसाचा पाठलाग करीत वाली एका बिळांत शिरला आणि धाकट्या भावाला म्हणाला, "मी येईपर्यंत दारांत उभा राहा." सुग्रीव वर्षाहून अधिक काळ उभा राहिला. मग आंतून फेसाळ रक्त बाहेर आलें, राक्षसांच्या गर्जना ऐकूं आल्या. भाऊ मेला असें समजून सुग्रीवानें पर्वतप्राय शिळेनें दार बंद केलें आणि घरीं जाऊन राज्यावर बसला. वाली जिवंत होता. शत्रूला मारून तो परतला तेव्हां त्याला दार मिळेना; हाका मारूनहि उत्तर येईना; अखेर लाथांनीं शिळा फोडून तो बाहेर आला. सुग्रीवाची ती भूल होती कीं लोभ, याचा निकाल त्या दोघां भावांत कधींच लागला नाहीं, आणि त्यापायीं एकाचा प्राण गेला.

आतां हें ध्यानांत धरून ऋक्षबिलाच्या बाहेर, समुद्रतीरीं बसलेल्या वानरांकडे पाहा. त्यांचा नायक अंगद हा त्या वालीचा पुत्र, आणि त्याला शिक्षा देणारा राजा म्हणजे तोच दार बंद करणारा चुलता. मुदत टळलेली, घरीं जावें तर मरण. तेव्हां तार नांवाचा एक वानर (वालीची राणी तारा ती निराळी) म्हणतो : आपण पुन्हां त्या विवरांतच शिरूं आणि तेथेंच राहूं. फळें आहेत, पाणी आहे, मार्ग दुर्गम आहे. तेथें आपल्याला इंद्राचें भय नाहीं, रामाचें नाहीं आणि सुग्रीवाचेंहि नाहीं. ही सूचना ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळतात. गुप्त द्वारामागें स्वतंत्र राज्य स्थापण्याची ती सरळ योजना आहे, आणि व्यवहारदृष्ट्या तिच्यांत खोट काढणें सोपें नाहीं. बाहेर मृत्यु ठरलेला, आंत अन्नपाणी ठरलेलें. आपल्यापैकीं किती जणांनीं निराळें मत दिलें असतें?

हनुमान तें राज्य मोडून काढतो, पण धर्माचें व्याख्यान देऊन नव्हे. तो अंगदाला एकेक व्यावहारिक गोष्ट दाखवितो. हे वानर आज तुझ्या मागें येतील. पण बायकामुलें बाहेर आहेत. दिवस जातील तसतशी त्यांना घराची आठवण होईल, उपासमार आणि कठीण बिछाने सोसवेनासे होतील, आणि एक दिवस ते तुला पाठ दाखवतील. मग तूं एकटा, हाललेल्या गवताच्या काडीलाहि दचकणारा. आणि गुहेच्या भिंतींचें म्हणशील, तर इंद्राच्या वज्रानें पूर्वीं तिला थोडेंच भोंक पाडलें होतें. लक्ष्मणाचे बाण तिला पानांच्या द्रोणासारखी फाडतील.

मला हें भाषण फार मोलाचें वाटतें. दार, भिंत, धान्य यांचा हिशोब तारानें केला होता. ठाण्यांत राहणाऱ्या माणसांचा हिशोब हनुमानानें केला. गुप्त द्वार बाहेरच्याला अडवूं शकतें. आंतल्याच्या मनांतली घराकडची ओढ त्याला अडवितां येत नाहीं. हनुमान पुढें असेंहि म्हणतो कीं सुग्रीव तुझें वाईट करणार नाहीं. तें मात्र अंगदाला पटत नाहीं, आणि कां पटत नाहीं तें तो स्पष्ट सांगतो : भावानें दारांत राखणीला ठेवलें असतां ज्यानें शिळा लोटून दार बंद केलें, त्याला धर्म काय ठाऊक? म्हणजे हनुमानाच्या बोलण्यानें अंगद गुहेंत जात नाहीं खरा, पण घरींहि जात नाहीं. तो दर्भावर बसून प्रायोपवेशन आरंभतो, आणि रडत रडत सारे वानर त्याच्याभोंवतीं बसतात.

सीतेचा पत्ता त्यांना लागतो तो तेथेंच. विंध्याच्या एका साध्या कपारींतून पंख जळालेला म्हातारा संपाति गिधाड बाहेर येतो, आणि एवढें भक्ष्य आयतेंच बसलेलें पाहून खूष होतो. वानरांच्या तोंडून जटायूचें नांव ऐकल्यावर पुढचें सगळें घडतें. 

स्वयंप्रभेचें पुढें काय झालें, याचें कुतूहल मागल्या रामायणकारांनाहि होतें. वाल्मीकि तिला गुहेंत परत पाठवितो आणि तिची कथा सोडतो. अध्यात्मरामायणांत तिच्या पहाऱ्याला निराळाच अर्थ येतो. तेथें हेमा ब्रह्मलोकीं जातांना तिला सांगून गेलेली असते कीं त्रेतायुगांत रामाचे वानर सीतेला शोधीत येथें येतील. त्यांचा सत्कार कर आणि मग रामाच्या दर्शनाला जा. म्हणजे इतकीं युगें ती हेमेचें घर राखीत नव्हती, तर या तहानलेल्या पाहुण्यांची वाट पाहत होती. वानरांना बाहेर सोडल्यावर ती स्वतःहि गुहा सोडते, रामाला भेटते आणि त्याच्या आज्ञेनें बदरीवनाची वाट धरते. आणि सोन्याच्या वृक्षांच्या त्या वनावर मग कोणाचाहि पहारा राहत नाहीं.